पाऊस नाही म्हणजे भूकबळी?

“पाऊस पडला नाही, धान्य संपलं, म्हणून माणसं मेली.” दुष्काळाबद्दलचा हा संदेश वर्षानुवर्षं फिरतो. ऐकायला पटतो, पण पुरता खरा नाही.

1943 च्या बंगालमध्ये पीक काहीसं घटलं होतंच. पण युद्धकाळात तांदळाचे भाव भडकले आणि मजुरी मागेच राहिली. कलकत्त्यातल्या कारखान्यांच्या कामगारांना सवलतीत तांदूळ मिळत होता. खेड्यातला शेतमजूर, कोळी उपाशी राहिला. वीस-तीस लाख माणसं गेली.

आता आपला 1972 चा दुष्काळ. पीक कोसळलं, गुरं विकली गेली, हाल फार झाले. पण बंगालसारखे बळी गेले नाहीत. कारण लाखोंना सरकारी कामांवर मजुरी मिळाली आणि बाहेरून धान्य आलं.

पडताळायचं असेल तर पुण्यातल्या घरातच विचारा. दौंड, इंदापूर, पुरंदरकडून आलेली आजी असेल, तर खडी फोडल्याचं, सुकडी (कामावर मिळणारं पौष्टिक पीठ) आणि लाल मिलो (बाहेरून आलेली तांबडी ज्वारी) खाल्ल्याचं सांगेल. तिला एवढंच विचारा: दिवसाच्या मजुरीत किती ज्वारी यायची? कोठारात किती धान्य आहे याच्याइतकाच हाही हिशेब महत्त्वाचा, आणि तोच नेमका विसरला जातो.