सेफर तोरा

सेफर तोरा म्हणजे सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, सार्वजनिक वाचनासाठी ठेवलेली, हाताने लिहिलेली हिब्रू चर्मगुंडाळी. मोशेची पाच पुस्तके, म्हणजे ‘तोरा’ हा ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, तीत येतात. अक्षरे ३,०४,८०५, येमेनी परंपरेत नऊ ठिकाणी किरकोळ फरक. बोलभाषा म्हणून हिब्रू इ. स. २००च्या सुमारास मागे पडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा बोलली जाऊ लागली. मधल्या काळात तिची अक्षरे जशीच्या तशी राहिली, याचे मोठे श्रेय या गुंडाळीच्या काटेकोर नियमांना जाते.

लिहिणाऱ्याला सोफेर म्हणतात. खाण्यास विहित असलेल्या जनावराचेच कातडे चालते. त्यावर बोथट टोकाने, शाईविना ओळी आखतात. देवनागरी शिरोरेघेला लोंबते तशी हिब्रू अक्षरे या ओळींखाली लोंबतात. वर तीन बोटे, खाली चार, दोन स्तंभांमध्ये दोन बोटे जागा सोडावी लागते. ४२ ओळींचे सुमारे २४५ स्तंभ हा आजचा रुळलेला नमुना. एका पानावर, म्हणजे कातड्याच्या एका सलग तुकड्यावर, किमान तीन आणि कमाल आठ स्तंभ असतात. पाने स्नायूंच्या धाग्याने शिवतात. अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपीय परंपरेचे) सोफेर टर्की किंवा हंसाचे पीस वापरतात, सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या परंपरेचे) बहुधा बोरू. शाई मायफळ, हिराकस आणि बाभळीच्या डिंकाची. डिंक जास्त झाला की गुंडाळी उलगडताना-मिटताना शाई तडकून सुटते. हिराकशीची शाई कालांतराने तांबूसही पडते.

पाठांतरावर लिहायचे नाही. समोरच्या प्रतीत पाहून, प्रत्येक शब्द तोंडाने म्हणून मगच तो उतरवायचा. ईश्वराचे नाव आले की, ते त्याच्या पावित्र्यासाठी लिहीत असल्याचा उच्चार दर वेळी करावा लागतो. कामाला वर्ष-दीड वर्ष सहज जाते. नवी लेखणी तपासताना ‘अमालेक’ हे तोरातल्या, इस्राएलच्या शत्रूचे नाव लिहून खोडण्याची प्रथा आहे. शाई नीट उतरते का हे कळते आणि त्याचे नाव पुसण्याची आज्ञाही पाळली जाते!

प्रत्येक अक्षराभोवती कोरे चर्म हवे. पूर्ण झालेले अक्षर शेजारच्याला चिकटले, तर मधला दुवा खरवडता येतो. पण ‘रेश’ या गोल कोपऱ्याच्या अक्षराच्या जागी तसेच दिसणारे, टोकदार कोपऱ्याचे ‘दालेत’ पडले, तर त्याचा कोपरा खरवडून ‘रेश’ करता येत नाही: अक्षर लिहून घडले पाहिजे, कोरून नव्हे. ते मोडून पुन्हा लिहावे लागते. ईश्वराचे नाव मात्र खोडताच येत नाही. तिथे चूक झाली तर अख्खे पान बदलतात. आकार संशयास्पद असेल, तर फार हुशारही नाही आणि मठ्ठही नाही अशा मुलाला ते अक्षर ओळखायला लावतात. अर्थ जाणणारा माणूस संदर्भाने ओळखील, म्हणून मूल. गळलेली अक्षरे हल्ली संगणकाने शोधतात, तरी बारीक तडे डोळ्यांनीच पाहावे लागतात. सदोष प्रत दुरुस्त न करता ३० दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, असा तालमुदाचा, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन ग्रंथाचा, दंडक आहे. वाचताना गंभीर दोष सापडला तर दुसरी गुंडाळी काढतात. अश्केनाझींमध्ये सदोष गुंडाळीचा पट्टा आवरणाबाहेरून बांधतात, म्हणजे चुकून कोणी ती उघडणार नाही.

खरी कसोटी वाचणाऱ्याची. गुंडाळीत स्वरचिन्हे नाहीत, विरामचिन्हे नाहीत, गायनखुणाही नाहीत. त्या घातल्या तर ती वाचनास अपात्र ठरते. ही चिन्हे छापील पुस्तकात पाहून वाचक आठवडाभर तयारी करतो. काही शब्द लिहिलेले एक आणि वाचायचे दुसरेच असतात. उच्चार चुकून अर्थ बदलला की ऐकणारे टोकतात आणि वाचक मागे येतो. त्यामुळे मूळ मजकूर जितका कातड्यावर, तितकाच शिकवणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या जिभेवर असतो. तेराव्या वर्षी मुलाला तोरावाचनासाठी पुकारतात, तेव्हा त्याची हिब्रू सर्वांसमोर तपासली जाते.

ही साखळी तुटू शकते, याचे उदाहरण कोकणातले बेने इस्राएल हे ज्यू. शब्बाथ (शनिवारची विश्रांती), सुंता आणि देव एकच असल्याची ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी टिकवली होती, पण हिब्रू वाचन राहिले नव्हते. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभारले. पुढे कोचीहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी हिब्रू प्रार्थना व वाचन शिकवले. घरची भाषा मराठीच राहिली.

जीर्ण झालेली गुंडाळी फेकत किंवा जाळत नाहीत; मातीच्या भांड्यात घालून पुरतात.