शांत पीसी आणि टीडीपीचा घोळ: थोडी पार्श्वभूमी

घरी पीसी जोडायला बसलेला माणूस आवाज कमी हवा म्हणून आधी प्रोसेसरच्या टीडीपीचा (किती उष्णता काढावी लागेल ते सांगणारा, वॉटमधला) आकडा बघतो, ६५ वॉट असेल तर छोटा कूलर चालेल, १२५ असेल तर मोठा घ्या, असा सरळ हिशोब. हा हिशोब एकेकाळी बऱ्यापैकी खरा होता, आज तो फसवतो, आणि पंखा का ओरडतोय हे नव्या लोकांना कळत नाही त्याचं निम्मं कारण माझ्या मते इथंच आहे.

फार मागं जायची गरज नाही. ४८६ च्या, म्हणजे पेंटियमच्या आधीच्या प्रोसेसरच्या, जमान्यात कित्येक मशीनमध्ये प्रोसेसरवर पंखाच नसायचा, आवाज यायचा तो एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि हार्ड डिस्कचा. १९९३ चा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चालायचा, १५ वॉटच्या आसपास खायचा, आणि तिथून प्रोसेसरवरचा छोटा पंखा कायमचा आला. १९९५ मध्ये एटीएक्स आलं, म्हणजे बोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएसच्या मांडणीचं नवं मानक. त्याच्या मूळ कल्पनेत एसएमपीएसचा पंखा बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर मारणार होता, पण ती हवा एसएमपीएसमधून तापूनच यायची, धूळ आत यायची ती वेगळीच, म्हणून पुढच्या आवृत्त्यांत दिशा उलटी झाली.

खरा गोंगाट सुरू झाला तो २००० नंतर. पेंटियम ४ ला गिगाहर्ट्झ वाढवत न्यायचे होते. सुरुवातीचे ५५ वॉटच्या आसपास होते, ३.०६ गिगाहर्ट्झवाला ८२ पर्यंत गेला, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये पेंटियम ४ चीच नवी आवृत्ती, प्रेस्कॉट, आली. ९० नॅनोमीटरच्या, म्हणजे आधीपेक्षा बारीक ट्रान्झिस्टरवर गेल्यावर तो थंड व्हायला हवा होता, सगळ्यांना तसंच वाटत होतं, पण ट्रान्झिस्टर एवढे बारीक झाले की बंद असतानाही त्यातून करंट गळायला लागला, वर गिगाहर्ट्झ वाढवता यावेत म्हणून प्रत्येक काम ३१ टप्प्यांत तोडणारी पाइपलाइन, आणि वरचे मॉडेल ११५ वॉटवर पोचले. ज्यांनी त्या काळात असेंबल्ड पीसी वापरलाय त्यांना कॅबिनेटच्या साइड पॅनलला आतून लावलेला प्लास्टिकचा नळा आठवत असेल. तो शोभेसाठी नव्हता. खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्याला ३८ पेक्षा गरम हवा मिळू नये असा कॅबिनेटचा नियम निघाला होता, आणि तो पाळायचा सोपा मार्ग म्हणजे थेट बाहेरून हवा ओढणारा नळा. बोर्ड थोडा वेगळा असला की नळा नेमका पंख्यावर यायचा नाही, मग लोक तो काढून टाकायचे आणि भोक तसंच राहायचं, ज्यातून फक्त आवाज बाहेर यायचा.

याच काळात युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी पीसी शांत करायचं वेड घेतलं, आणि आज आपण जे पार्ट तयार विकत घेतो त्यातलं बरंचसं या लोकांनी घरच्या टेबलावर आधी करून बघितलं होतं. पंखा हळू करायचा त्यांचा उपाय बघा. एसएमपीएसच्या मोलेक्स नावाच्या चार पिनांच्या जोडणीत पिवळी वायर १२ व्होल्टची आणि लाल ५ ची. पंख्याची लाल वायर पिवळीला जोडायची आणि काळी वायर ग्राउंडऐवजी त्या ५ व्होल्टवाल्या लालला, की पंख्याला मिळतात १२ वजा ५, म्हणजे ७ व्होल्ट. मी हे केलंय, ८० मिलिमीटरचा पंखा होता, घरघर थांबून नुसती हवेची सळसळ उरली आणि रात्री पहिल्यांदा भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. एवढा फरक का पडतो त्याचं गणित साधं आहे: वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते पण आवाज साधारण १५ डेसिबलनी पडतो. म्हणून छोटा पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवायचा. १२० चा पंखा ८० च्या सव्वादोनपट क्षेत्रफळाचा असतो, आणि पुढच्या पाच वर्षांत कॅबिनेट, कूलर, एसएमपीएस सगळे १२० वर गेले ते याच कारणानं. २००४ मध्ये चार पिनांचा पीडब्ल्यूएम पंखा आला, ज्याचा वेग बोर्डच कमीजास्त करतो, आणि वायरींचे हे उद्योग हळूहळू संपले.

हार्ड डिस्कची गोष्ट थोडक्यात. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, तोच १२० हर्ट्झचा गुणगुणाट पत्र्यात उतरतो, कॅबिनेटवर तळहात दाबला की आवाज बदलतो त्याचं कारण हे. २००१ च्या सुमारास बॉल बेअरिंग जाऊन द्रवाचं बेअरिंग आलं तेव्हा किणकिण गेली, पण गुणगुण राहिली. लोक डिस्कला स्क्रू न मारता शिवणकामाच्या इलॅस्टिकवर झोपाळ्यासारखी टांगायचे. एसएसडी स्वस्त झाल्यावर हा प्रश्नच गेला.

एसएमपीएसकडे मात्र लोक आजही दुर्लक्ष करतात. तेव्हा ७० टक्के कार्यक्षमता सर्रास चालायची, म्हणजे आत २०० वॉट द्यायला भिंतीतून २८६ घेणार आणि ८६ वॉट त्या डब्यातच तापणार. ८५ टक्क्यांवर तोच तोटा ३५ वॉट. २००४ मध्ये निदान ८० टक्के कार्यक्षम एसएमपीएसना शिक्का देणारा ८० प्लसचा उपक्रम सुरू झाला तो वीज वाचवायला, पण शांत पीसीवाल्यांना त्यानं दिलं तेवढं कुठल्याच पंख्यानं दिलं नसेल.

बीटीएक्स नावाचा एक प्रयत्नही झाला, २००३ मध्ये जाहीर झाला, बोर्डाची मांडणीच फिरवून पुढून मागं एक सरळ वारा. कल्पना चांगली होती, पण ती गरम प्रोसेसरसाठी होती आणि गरम प्रोसेसरच गेले. २००४ मध्ये प्रेस्कॉटचा वारसदार रद्द झाला, ४ गिगाहर्ट्झचा बेतही गुंडाळला गेला. तोवर जाणकार लोक लॅपटॉपचा पेंटियम एम खास डेस्कटॉप बोर्डावर बसवून वीस-पंचवीस वॉटमध्ये मजेत होते. त्याच घराण्यातला कोअर २ ड्युओ जुलै २००६ मध्ये ६५ वॉट लिहून आला, आणि ६५ वॉट म्हणजे शांत हे डोक्यात पक्कं बसलं ते तेव्हा.

आता टीडीपी. यावर जास्त लिहितो कारण सगळा गुंता इथंच आहे. थर्मल डिझाइन पॉवर हा कूलर बनवणाऱ्याला दिलेला आकडा, प्रोसेसर जास्तीत जास्त किती वीज खाईल याचा तो आकडा नव्हेच. पेंटियम ४ च्या वेळीच इंटेल कमालपेक्षा कमी आकडा टीडीपी म्हणून द्यायची, कारण फारच तापलं तर चिप स्वतःचा वेग पाडून वाचते. दुसरी कंपनी, एएमडी, अख्ख्या मालिकेला मिळून सगळ्यात वाईट परिस्थितीचा एकच आकडा द्यायची, ८९ वॉट, मग त्यातला खालचा मॉडेल त्याच्या निम्मं का खाईना. दोन खोके शेजारी ठेवून आकडे ताडून बघणाऱ्याची दोन्हीकडून दिशाभूल. मग २००७ मध्ये एएमडीनं सर्व्हरसाठी एसीपी नावाचा सरासरी आकडा काढला, २०१३ मध्ये इंटेलनं एसडीपी काढला, दोन्ही टिकले नाहीत.

मोठा बिघाड केला तो टर्बोनं, म्हणजे गरजेला चिपचा वेग आपोआप वर न्यायच्या सोयीनं. बेस क्लॉकवर, म्हणजे चिपच्या मूळ वेगावर, टीडीपी मोजायचा, पण चिप चालणार टर्बोवर. कागदावर शिस्त होती: थोडे सेकंद वरची मर्यादा, मग टीडीपीवर परत यायचं, पीएल२ आणि पीएल१ म्हणतात ते हेच. पण मदरबोर्ड बनवणाऱ्यांना बेंचमार्कमध्ये पुढं दिसायचं होतं, त्यांनी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ती वेळेची अट गुपचूप काढून टाकली, आणि २०१८ चा ९५ वॉट लिहिलेला इंटेलचा आय९ ९५ च्या कितीतरी वर जाऊन तिथंच बसून राहायला लागला. ९५ वॉटला पुरेसा कूलर घेतलेल्या माणसानं काय चूक केली? काहीच नाही. हे मला अजूनही पटत नाही, खोक्यावर एक लिहायचं आणि बोर्डानं दुसरंच करायचं याला कुणीतरी आवर घालायला हवा होता. २०२१ मध्ये शेवटी इंटेलवाले टीडीपी शब्द सोडून दोन आकडे छापायला लागले, १२५ आणि २४१, आणि हे प्रामाणिक पाऊल होतं. मात्र वरच्या के मॉडेलना (ज्यांचा वेग वापरणाऱ्याला वाढवता येतो) २४१ वर कितीही वेळ राहायची मुभाही त्याच वेळी मिळाली.

दुसऱ्या बाजूला एएमडीच्या रायझेनचा टीडीपी तर वॉट मोजून येतच नाही, तो भागाकारातून येतो. चिपच्या झाकणाचं ठरवलेलं तापमान वजा हवेचं ठरवलेलं तापमान, भागिले कूलरमधून उष्णता जायला होणारा विरोध. रायझेन २७००एक्सला ६१.८ वजा ४२, भागिले ०.१८९, उत्तर १०५. प्रत्यक्षात सॉकेटची मर्यादा १४२ वॉट. त्या सूत्रातला ४२ हा कूलरपाशी पोचणाऱ्या हवेचा आकडा आहे, आणि अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात खुद्द बाहेरची हवाच ४२ च्या वर जाते, कॅबिनेटच्या आत ती आणखी तापून मगच कूलरला मिळते. युरोपातल्या २१ अंशाच्या खोलीत केलेल्या चाचण्यांमध्ये ७० दिसलं की आपल्याकडं ९० समजायचं, हवेतला फरक तसाच्या तसा चिपवर चढतो. म्हणून तिकडच्या शिफारशी वाचून मधल्या आकाराचा कूलर घेतला की उन्हाळ्यात पंखा पूर्ण वेगानं धावतो.

ग्राफिक्स कार्डांचा रस्ता याच्या उलटसुलट गेला. २००३ चं एक कार्ड हेअर ड्रायरसारखं ओरडायचं म्हणून बदनाम झालं, २०१४ मध्ये १४५ वॉटची चांगली कार्डं आली आणि काम नसताना पंखे पूर्ण थांबवायची पद्धत रुळली. पुन्हा वाढत वाढत २०२२ मध्ये ४५०, २०२५ मध्ये ५७५ वॉट. एवढी उष्णता पंखे कितीही मोठे लावले तरी शेवटी खोलीतच येते, आणि कॉइल व्हाइनवर (कार्डावरच्या कॉइलच्या बारीक किणकिणाटावर) तर पंख्याचा काही इलाजच नाही.

प्रोसेसरमध्ये आता उपाय बायोसमध्येच आहे, इको मोड (वीज कमी मर्यादेत ठेवणारी सेटिंग) लावला की २३० वॉटचा १६ कोरवाला ८८ वर येतो, कोअर सगळे चालू, वेग थोडा कमी, पंखा जवळजवळ गप्प. ऑगस्ट २०२४ मध्ये एका आठ कोरवाल्याला कारखान्यातूनच ६५ वॉटवर बसवून विकायला काढलं होतं. समीक्षकांनी तो मागच्या पिढीपेक्षा फारसा वेगवान नाही म्हणून नावं ठेवली, आणि महिना-दीड महिन्यात बायोस अपडेटमधून वॉरंटीसकट १०५ वॉटचा पर्याय आला.