मातेराचे लोक 'आदिमानवासारखे' राहत होते? नाही हो!

दक्षिण इटलीतल्या मातेरा शहराबद्दल कायम एकच गोष्ट फिरते, की तिथले लोक अश्मयुगापासून १९५० पर्यंत तसेच गुहेत राहिले. वस्ती खूप जुनी आहे हे खरंय, पण सास्सी हा तिथल्या गुहाघरांचा जुना भाग लोकांनी मऊ चुनखडीत कोरून काढलाय, निघालेल्या दगडातूनच दर्शनी भिंती अन् कमानी बांधल्यात, आणि पावसाचं पाणी उतारावरून जमिनीखालच्या टाक्यांत सोडायचे, त्या टाक्यांना आतून पाणी न मुरणारा गिलावा! याला मागास कसं म्हणायचं? १६६३ ते १८०६ हे शहर बासिलिकाता या प्रांताची राजधानी होतं. खरे हाल नंतरचे, लोकसंख्या वाढली तशी टाक्यांची पण घरं झाली, एकाच खोलीत पोरंबाळं अन् खेचर, त्यात मलेरिया. शेवटी १९५२ च्या कायद्याने साधारण १५ हजार लोकांना नव्या वस्त्यांत हलवलं.