पाळकाचं जुनं घर वारसा यादीत घालायचंय? इंग्लंडमधला अर्ज असा करतात

इंग्लंडमध्ये घर बघत हिंडताना फाटकावर ‘द ओल्ड विकारेज’ किंवा ‘द ओल्ड रेक्टरी’ अशी पाटी दिसली, की समजायचं, इथे एके काळी गावच्या चर्चचे पाळक राहत. त्यांतली बरीच घरं व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. मोठी, उंच छताची आणि हिवाळ्यात ऊबदार ठेवायला भयंकर महाग. विसाव्या शतकात चर्चने ती भराभर विकली आणि पाळकांना आटोपशीर घरांत हलवलं.

यादीसाठी अर्ज कुणीही करू शकतं. घर तुमचं असावं लागत नाही, शेजाऱ्यालाही करता येतो. अर्ज ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या वारसा वास्तूंचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे ऑनलाइन जातो आणि साध्या अर्जाला शुल्क नाही, घाई असेल तर पैसे भरून जलद तपासणी मागता येते. मालकाला कळवलं जातं, त्याचं म्हणणं मागवलं जातं. हिस्टॉरिक इंग्लंड फक्त शिफारस करतं, निर्णय सरकारच्या सांस्कृतिक खात्याच्या मंत्र्याचा. तो पटला नाही, तर २८ दिवसांत फेरविचार मागायचा. आणि हे सगळं करण्याआधी त्यांच्या राष्ट्रीय यादीत पत्ता टाकून बघा, घर आधीच तिथे असू शकतं.

पात्रतेची कसोटी एकच: वास्तुकलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्व. ग्यानबाची मेख इथेच आहे. १७०० ते १८५० मधली मूळ रूपात टिकलेली बहुतेक घरं यादीत येतात. १८५० नंतर मात्र बांधकाम इतकं झालं, की निवड कडक होते. म्हणजे १८७०चं विकारेज नुसतं जुनं आहे, एवढ्यावर भागत नाही. ‘आमच्या गावाचा जीव आहे त्यात’ हेही चालत नाही. उलट घर पडकं आहे, दुरुस्ती परवडत नाही, हे मुद्दे विरोधातही धरले जात नाहीत.

मग काय चालतं? माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे घराचा आराखडा. पाळकांची अभ्यासिका बहुधा दर्शनी दाराजवळ असायची. कुणी लग्नाचं ठरवायला, कुणी मदत मागायला येई. त्यांना घरच्या मंडळींच्या खोल्या ओलांडाव्या लागू नयेत म्हणून. नोकरांचा जिना मागे, वेगळा. अर्धं कार्यालय, अर्धं घर. ही विभागणी अजून शाबूत असेल, तर तिचे फोटो अर्जात आधी लावा. वास्तुविशारद नावाजलेला असेल तर उत्तमच. विल्यम बटरफील्डने ब्रिस्टलजवळच्या कोलपिट हीथला १८४०च्या दशकात बांधलेलं विकारेज अभ्यासक अजून दाखला म्हणून काढतात: दर्शनी बाजूच्या सममितीचा हट्ट नाही, आतल्या खोलीची गरज तशी बाहेर खिडकी.

कागदपत्रं फार नाहीत. नेमका पत्ता आणि नकाशा, बाहेरून-आतून काढलेले आजचे फोटो, बांधकामाचं वर्ष, वास्तुविशारदाचं नाव आणि हे सगळं कुठून कळलं त्याचे संदर्भ. खजिना मिळतो तो काउंटीच्या अभिलेखागारात. १८३८च्या कायद्याने पाळकांनी आपल्याच पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, राहावं यासाठी दट्ट्या लावला, आणि घर बांधायला ‘क्वीन अ‍ॅन्स बाउंटी’ या निधीतून पॅरिशच्या उत्पन्नावर कर्ज मिळे. त्या गहाणखताच्या फायलींत कित्येकदा मूळ नकाशे आणि कामाचा तपशील जोडलेला सापडतो. एक दिवस तिथे घालवाच.

मंजुरी मिळाली तर श्रेणी ठरते: एक, दोन-तारांकित किंवा दोन. मुंबईसारखी तिसरी श्रेणी इथे नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती श्रेणी दोनमध्येच आहेत, त्यामुळे ‘दोनच मिळाली’ म्हणून हिरमुसू नका.

यादीत आल्यावर घराचं स्वरूप बदलणाऱ्या कामाला स्थानिक नियोजन कार्यालयाची वेगळी संमती लागते. तिलाही शुल्क नाही, निर्णयाची मुदत साधारण ८ आठवडे. संरक्षण फक्त दर्शनी भागाला नसतं. आतली शेकोटी, जिना, खिडक्यांची शटर सगळं आलं, आणि आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीची बांधकामंही बहुधा येतात. एक गमतीचा भाग: वापरातल्या चर्च इमारतींना या संमतीतून सूट आहे, कारण चर्चची स्वतःची परवानगी-व्यवस्था आहे. पाळकांच्या निवासाला ती सूट नाही, अगदी आज पाळक तिथे राहत असले तरी. विनासंमती काम हा फौजदारी गुन्हा आहे. २ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

घर विकत घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. आधीच्या मालकाने लाकडी खिडक्या काढून प्लॅस्टिकच्या बसवल्या असतील, तर खटला तुमच्यावर होणार नाही, पण त्या पूर्ववत करण्याची नोटीस तुमच्याच दारात येऊ शकते, आणि तिला कालमर्यादा नाही. सौद्याआधी वकिलाकडून जुन्या संमतीपत्रांच्या प्रती मागून घ्या, आणि खिडक्या स्वतः जाऊन बघा.