गोष्ट नसलेल्या चित्रापुढचे अश्रू

चित्रापुढे रडणं जुनंच आहे. अठराव्या शतकात पॅरिसच्या प्रदर्शनांत जाँ-बातिस्त ग्रझची चित्रं पाहताना लोकांचे डोळे भरून येत आणि दिदरोसारखा समीक्षक त्याचं मनापासून कौतुक करी. पण त्या अश्रूंना कारण दिसत होतं. कुठे अंथरुणाला खिळलेला बाप, कुठे मेलेल्या पाखरासाठी झुरणारी मुलगी. नुसत्या रंगापुढे कुणी का रडावं, हा प्रश्न फार नंतरचा.

त्याचा एक धागा १८९६च्या मॉस्कोत सापडतो. तिथे रशियन चित्रकार कांदिन्स्कीने फ्रेंच चित्रकार मोनेचं गवताच्या गंजीचं चित्र पाहिलं. ती गंजी आहे हे त्याला ओळखूच आलं नाही, प्रदर्शनाच्या सूचीत वाचावं लागलं. आधी तो अस्वस्थ झाला, पण चित्र मनातून जाईना. पुढे जानेवारी १९११मध्ये म्युनिकला संगीतकार शोनबर्गचं संगीत ऐकून त्याने लगेच ती मैफल रंगवली. सुरांना गोष्ट लागत नाही, तरी ते काळीज हलवतात. मग रंगांनाच ती का लागावी? सगळं इथूनच सुरू झालं, असं मला वाटतं.

हा विचार शेवटपर्यंत नेला अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोने. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या चित्रांतल्या आकृती विरल्या आणि कडा धूसर असलेले मोठाले आयत उरले. पातळ रंगाचे थर एकावर एक चढवल्यामुळे उजेड आतून झिरपतो असं वाटतं. चित्रं एवढी मोठी का, तर भव्य दिसावीत म्हणून नव्हे. पाहणाऱ्याला जवळीक वाटावी, तो रंगाच्या आत असावा म्हणून. प्रकाश मंद हवा, माणूस जवळ उभा हवा, हा त्याचा आग्रह असे. रंगसंगतीची वाहवा त्याला नको होती. आपल्या चित्रांपुढे रडणाऱ्यांना तोच धार्मिक अनुभव येतो जो आपल्याला रंगवताना आला, असं तो म्हणे. म्हणजे ते अश्रू त्याला अपेक्षितच होते.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एका प्रार्थनागृहासाठी १९६४मध्ये त्याच्याकडे काम आलं. त्याने १४ चित्रं केली, काळपट जांभळी, काही जवळजवळ काळीच. फेब्रुवारी १९७०मध्ये तो गेला. वास्तू खुली झाली १९७१मध्ये. कलेतिहासकार जेम्स एल्किन्सने तिथल्या अभ्यागतांच्या वह्या वाचल्या, तेव्हा अनेकांनी आपल्या अश्रूंबद्दल लिहून ठेवलेलं त्याला सापडलं.