आयपी सोर्स गार्ड

आयपी सोर्स गार्ड ही नेटवर्क स्विचमधील, म्हणजे संगणकांना तारेने एकमेकांशी जोडणाऱ्या उपकरणातील, सुरक्षा-सोय आहे. पोर्टला जोडलेल्या यंत्राला जो आयपी पत्ता दिलेला असेल, त्याच पत्त्यावरून निघालेली पॅकेट्स (माहितीचे तुकडे) स्विच पुढे सोडतो आणि बाकीची पोर्टवरच टाकून देतो. एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचवर याच कामाला डायनॅमिक आयपी लॉकडाऊन म्हणतात. इंटरनेट सेवादारांनी खोट्या पत्त्याची पॅकेट्स आपल्या नेटवर्कच्या कडेलाच गाळावीत, ही शिफारस आरएफसी २८२७ या इंटरनेट-दस्तऐवजात मे २००० मध्येच आली होती. सोर्स गार्ड तीच गाळणी थेट वापरकर्त्याच्या पोर्टवर आणतो.

खरा पत्ता कोणता, हे स्विचला डीएचसीपी स्नूपिंगमधून, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरशी होणारा संवाद टिपण्यातून, कळते. सर्व्हरने दिलेला पत्ता, यंत्राचा मॅक (हार्डवेअर) पत्ता, व्हीलॅन (स्विचवरचे आभासी उपनेटवर्क), पोर्ट आणि लीजची, म्हणजे पत्ता ठरावीक काळापुरता दिल्याची, मुदत यांची बाइंडिंग नोंद स्विच ठेवतो. म्हणून स्नूपिंग आधी चालू करायचे, गार्ड नंतर. सिस्को कॅटॅलिस्टवर 'आयपी डीएचसीपी स्नूपिंग' ही आज्ञा संपूर्ण स्विचसाठी द्यावी लागते आणि व्हीलॅन क्रमांकासह पुन्हा एकदा. दुसरी विसरली तर काहीच घडत नाही. डीएचसीपी सर्व्हरकडे जाणारा अपलिंक (पुढच्या उपकरणाकडे नेणारा पोर्ट) 'ट्रस्ट' करावा, म्हणजे विश्वासू ठरवावा, नाहीतर सर्व्हरची उत्तरे अडतात आणि कोणालाच पत्ता मिळत नाही. मग वापरकर्त्यांच्या पोर्टवर 'आयपी व्हेरिफाय सोर्स' ही गार्ड लावणारी आज्ञा द्यावी. अपलिंकवर ती लावू नये.

घाई इथेच नडते. नोंद नसलेल्या पोर्टवरून डीएचसीपी वगळता कोणतीही आयपी रहदारी जात नाही. यंत्रे साधारणपणे लीजची निम्मी मुदत सरल्यावर नूतनीकरण करतात. विंडोज सर्व्हरची मूळ मुदत ८ दिवसांची असते. म्हणजे स्नूपिंग लावून किमान ४ दिवस थांबावे आणि 'शो आयपी डीएचसीपी स्नूपिंग बाइंडिंग' पाहूनच गार्ड लावावा. प्रिंटर, सीसीटीव्ही, हजेरीचे यंत्र यांना पत्ता हाताने दिलेला असतो. त्यांच्यासाठी 'आयपी सोर्स बाइंडिंग'ने स्थिर नोंदी कराव्यात. पहिल्या दिवशीच्या तक्रारी बहुधा यांच्याच असतात.

स्विच बंद पडून पुन्हा सुरू झाला की नोंदी पुसल्या जातात, पण यंत्रांकडे पत्ते तसेच राहतात. म्हणून नोंदवही स्विचच्या फ्लॅश मेमरीत किंवा टीएफटीपी (फाइली साठवणाऱ्या) सर्व्हरवर साठवावी आणि स्विचचे घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवावे, कारण लीजची मुदत वेळेवरच मोजली जाते. पोर्टमागे साधा स्विच असेल आणि त्याची वायर दुसऱ्या पोर्टात गेली, तर मागच्या संगणकांना लिंक तुटल्याचे कळतच नाही. ते नवा पत्ता मागत नाहीत आणि गप्प पडतात.

आणखी एक सापळा ऑप्शन ८२ चा. विनंती कोणत्या पोर्टवरून आली ही माहिती स्नूपिंग करणारा स्विच या ऑप्शनद्वारे डीएचसीपी विनंतीत घालतो आणि पुढचा सिस्को राउटर रिले पत्ता (विनंती पुढे पाठवणाऱ्या उपकरणाचा पत्ता) शून्य पाहून विनंती फेकतो. तेव्हा स्विचवर ती बंद करावी किंवा राउटरला तिच्यावर विश्वास ठेवायला सांगावे.

सोर्स गार्ड एआरपी, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याची विचारणा-उत्तरे, तपासत नाही. स्वतःला गेटवेचा (नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरचा) पत्ता लावणाऱ्याची आयपी पॅकेट्स अडतात, पण त्याची खोटी एआरपी उत्तरे शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतात. त्यासाठी त्याच नोंदवहीवर चालणारे डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन जोडीला हवे. त्याची मूळ मर्यादा 'ट्रस्ट' न केलेल्या पोर्टवर सेकंदाला १५ एआरपी पॅकेट्स असते; ती ओलांडली की पोर्ट एरर-डिसेबल होतो, म्हणजे स्विच तो बंद करतो. आयपी पत्त्यांची नवी पद्धत असलेल्या आयपीव्ही६ साठी वेगळा सोर्स गार्ड लावावा लागतो. आयपीव्ही४ च्या नोंदी तिथे उपयोगी पडत नाहीत.