द्रौपदी ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ म्हणालीच नव्हती

गोव्यात पेडणे, सत्तरीकडे जत्रेच्या रात्री दशावतारी नाटकात मयसभेचा प्रसंग आला की दुर्योधन पाण्यात पडतो आणि द्रौपदी टोमणा मारते, ‘आंधळ्याचा पुत्र आंधळाच!’ घरी जाताना लोक बोलतात, तिने जीभ आवरली असती तर युद्ध टळलं असतं. वस्त्रहरणाचं खापरही तिच्याच माथी!

पुण्याच्या भांडारकर संस्थेने असंख्य हस्तलिखितं ताडून १९६६ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. तिच्या सभापर्वात हे वाक्य कुठेच नाही. स्फटिकाची जमीन पाणी समजून दुर्योधन वस्त्रं वर धरतो, मग खरं पाणी जमीन समजून पडतो. सेवक हसतात. भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात. द्रौपदीचं तिथे नावही नाही. पुढे दुर्योधनच धृतराष्ट्राला सांगतो, की तीही इतर स्त्रियांसह हसली. हसली, एवढंच.

त्याला खरं काय जाळत होतं, हे परतीच्या वाटेवर शकुनीशी बोलताना कळतं. राजसूयातलं युधिष्ठिराचं वैभव, त्याच्यापुढे झुकलेले राजे, ती सभा, आणि रक्षकांनी केलेली चेष्टा. आगीत शिरेन, विष खाईन, पाण्यात जीव देईन, म्हणतो. हा मत्सर आहे, आणि तो बालपणी भीमाला विष देण्यापासूनचा. त्यावर शकुनी उपाय सुचवतो: युधिष्ठिराला द्यूत आवडतं, पण खेळता येत नाही.